गरम-गार पाण्याचा उपचार : ग्रेफेनबर्ग ते उरुळी कांचन

गरम आणि गार पाणी ठरावीक अंतराने आलटून-पालटून अंगावर घेणे किंवा शरीराचा एखादा भाग आळीपाळीने दोन्ही पाण्यांत बुडवणे, हा निसर्गोपचारातला नेहमीचा उपचार आहे. पायांसाठी दोन बादल्या, कमरेसाठी दोन टब, पोटासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी आणि गार पाण्यात भिजवून पिळलेला पंचा एवढ्या सामानावर तो चालतो. महाराष्ट्रात हा उपचार घेणारे बहुतेक लोक त्याला आपल्याकडचा, पूर्वापार चालत आलेला उपचार समजतात. निसर्गोपचार केंद्रातली सकाळची प्रार्थना, मातीच्या पट्ट्या, ताक आणि उकडलेल्या भाज्या या सगळ्यात तो इतका मिसळून गेला आहे की तसे वाटणे साहजिक आहे. मात्र त्याची वंशावळ वेगळी आहे. हा उपचार मध्य युरोपातल्या एका डोंगराळ खेड्यात, फारसे लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या हाताखाली आकाराला आला. तेथून एका पाद्र्याकडे, मग लाइपझिगच्या एका हौशी वैद्याकडे आणि त्याच्या पुस्तकातून भारतात अशी त्याची वाटचाल झाली. भारतात येऊन त्याला फार तर सव्वाशे-दीडशे वर्षे झाली आहेत.

आयुर्वेदाला पाण्याचे उपचार अनोळखी नव्हते. काढ्यात बसवणे म्हणजे अवगाह, काढ्याची धार धरणे म्हणजे परिषेक, यांची वर्णने जुन्या संहितांत आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय सगळाच घाम काढण्याच्या उपचारांवर आहे आणि त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यायच्या स्वेदाचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेदाचे वर्णन बारकाईने केलेले आहे. तळ्याच्या काठी, पाण्यापासून सात-आठ अरत्नी म्हणजे साधारण तितकेच हात अंतरावर, एक गोल कुटी बांधायची. तिच्या मधोमध भट्टी पेटवायची. धूर निघून गेला की रोग्याला तेल लावून आत न्यायचे आणि घाम वाहू लागेपर्यंत थांबवायचे. तळे हाताच्या अंतरावर आहे, तेव्हा पुढची पायरी त्यात उडी मारण्याची असेल असे आजच्या वाचकाला वाटेल. चरक नेमके तेच करू नको म्हणतो. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला स्पर्श करायचा नाही, त्याने डोळ्यांना अपाय होतो. मुहूर्तभर थांबून, अंगाची तलखी उतरल्यावर, कोमट पाण्याने अंघोळ करायची आणि मग जेवायचे.

हा एखाददुसरा इशारा नाही, त्यामागे पक्का विचार आहे. निदानस्थानात कुष्ठाची, म्हणजे त्वचारोगांची, कारणे सांगताना थंड आणि उष्ण यांची क्रम सोडून केलेली उलटापालट हे एक कारण म्हणून नोंदवले आहे, आणि उन्हाने किंवा श्रमाने तापलेल्या अंगाने एकदम गार पाण्यात उतरणे हे आणखी एक. उन्हातून आलेल्या मुलाने तडक नळाखाली डोके धरले की घरातली मोठी माणसे रागावतात, तो राग याच परंपरेतला आहे. डोक्यावरून कढत पाणी घेऊ नये, त्याने केस आणि डोळे बिघडतात, मानेखाली मात्र ते बळ देते, हे अष्टांगहृदयातले सांगणेही आपल्या न्हाणीघरापर्यंत पोहोचलेले आहे. कोकणात गरम पाण्याची कुंडे पुष्कळ आहेत. राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गरम झरा आहे आणि जवळच टेकडीवर अधूनमधून प्रकट होणारी गार पाण्याची गंगाही आहे. लोक दोन्हीकडे स्नान करतात, पण तिथे पुण्य मिळवायचे असते, तापमानाचा हिशेब कोणी करत नाही.

युरोपात गरमानंतर गार हा क्रम रोमन स्नानगृहांत रुळलेला होता. कोमट दालन, कढत दालन आणि शेवटी गार पाण्याचा हौद अशी त्यांची रचना असे. इ.स. २१६ मध्ये सुरू झालेल्या रोममधल्या काराकालाच्या स्नानगृहाचे भग्नावशेष आजही पाहायला मिळतात. तेथे जाणाऱ्यांना मुख्यतः स्वच्छता, गप्पा आणि ओळखीपाळखी हव्या असत. उपचार म्हणून गार पाण्याची पहिली गाजलेली हकिकत सम्राट ऑगस्टसची. इ.स.पू. २३ मध्ये तो मरणाच्या दारात होता. गरम शेकाने गुण येईना, तेव्हा अँटोनियस म्यूसा या वैद्याने उलटा मार्ग धरून त्याला गार पाण्याने न्हाऊ घातले आणि सम्राट बरा झाला. वैद्याचा मोठा सन्मान झाला. त्याच वर्षी ऑगस्टसचा भाचा आणि जावई मार्सेलस आजारी पडला, त्याच्यावरही तोच उपचार झाला आणि तो दगावला. जलोपचाराच्या पुढच्या सगळ्या इतिहासात ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. बरे झालेल्यांचा डंका वाजतो, दगावलेल्यांचा उल्लेख तळटीपेत जातो.

मधल्या शतकांत हा धागा पातळ झाला, तरी तुटला नाही. इंग्लंडमध्ये लिचफील्डचे डॉक्टर जॉन फ्लॉयर यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी गार स्नानाचा कैवार घेतला. सिलेशियातल्या श्वाइडनिट्स गावचा डॉक्टर योहान झिगमुंट हान याने १७३८ मध्ये ताज्या पाण्याच्या सामर्थ्यावर पुस्तक लिहिले. लिव्हरपूलचे जेम्स करी यांनी तापाच्या रोग्यांवर गार आणि कोमट पाणी ओतून, थर्मामीटरने ताप मोजून, आपले निष्कर्ष १७९७ मध्ये छापले. करींचे काम या तिघांत सर्वांत शिस्तीचे होते. पुढच्या घडामोडींवर ठसा उमटला तो मात्र हानच्या पुस्तकाचा, आणि तोही शंभराहून जास्त वर्षांनी.

विन्सेंट्स प्रीसनित्स १७९९ मध्ये ऑस्ट्रियन सिलेशियातल्या ग्रेफेनबर्ग या डोंगरवाडीत जन्मला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात, येसेनिक गावालगत आहे. लहानपणी एक जखमी हरिण झऱ्यात पाय बुडवताना पाहून त्याला या उपचाराची कल्पना सुचली, असे सांगतात. अशा कथा बहुतेक उपचारपद्धतींच्या मुळाशी असतात, तेव्हा ती कथा म्हणूनच घ्यावी. त्याच्या अपघाताची हकिकत अधिक भरवशाची आहे. विशीच्या आतच तो घोडागाडीखाली सापडला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. डॉक्टरने आशा सोडली. प्रीसनित्सने छातीवर ओल्या पट्ट्या बांधल्या, त्या वरचेवर बदलल्या, भरपूर पाणी प्यायले आणि तो हळूहळू हिंडू-फिरू लागला. शेजारपाजारचे लोक आपली दुखणी घेऊन येऊ लागले. १८२२ मध्ये त्याने घर नव्याने बांधले तेव्हा त्यात रोग्यांसाठी स्नानाची सोय केली.

प्रीसनित्सच्या पद्धतीचे नाव थंड पाण्याचा उपचार असे पडले. त्यात उष्णतेचा वाटाही तेवढाच मोठा होता, मात्र ही उष्णता चुलीवर तापवलेल्या पाण्यातून येत नसे, रोग्याच्या अंगातूनच ती काढली जाई. पहाटे चारच्या सुमारास सेवक रोग्याला उठवत आणि जाड लोकरी घोंगड्यांत गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळून ठेवत. तासा-दोन तासांत घामाच्या धारा लागत. मग खिडकी उघडत, पेल्याने गार पाणी पाजत, आणि पुरेसा घाम आला की रोग्याला तशाच घोंगडीसह चालवत खालच्या हौदापर्यंत नेत. झऱ्याच्या बर्फगार पाण्यात काही क्षण डुबकी, लगेच बाहेर, अंग खरखरीत कापडाने चोळायचे, कपडे चढवायचे आणि डोंगरात फिरायला निघायचे. दुपारी रानातल्या उंच पन्हळीतून पडणारी धार खांद्यांवर आणि पाठीवर घ्यायची. जेवण साधे आणि भरपेट असे, मसाले, चहा-कॉफी आणि दारू मात्र वर्ज्य. रोगी राजघराण्यातला असला तरी त्याला लाकडे फोडायला लावत.

त्याची दुसरी युक्ती आजही मध्य युरोपातल्या घराघरांत त्याच्या नावाने ओळखली जाते. गार पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके दुखऱ्या भागावर गुंडाळायचे आणि त्यावर कोरड्या लोकरीचा पट्टा आवळायचा. पहिली दोन मिनिटे हुडहुडी भरते, मग खालची त्वचा तापू लागते, आणि अर्ध्या तासाने तीच पट्टी गरम शेकाचे काम करते. थंडीला शरीर देत असलेले हे उत्तर, म्हणजे 'प्रतिक्रिया', हाच आपल्या उपचाराचा गाभा असल्याचे प्रीसनित्स मानत असे. ज्याच्या अंगात ही ऊब परतून येत नाही त्याला तो पुढे ठेवत नसे. रोगी निवडण्याची ही खबरदारी त्याच्या यशाचे एक मोठे कारण असावी. अगदी खंगलेला माणूस ग्रेफेनबर्गच्या चढणीवर पोहोचतच नसे, हेही एक प्रकारे निवडणेच होते.

आसपासच्या डॉक्टरांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या. तो अंग पुसायला वापरत असलेल्या स्पंजात काही औषध लपवलेले असावे या संशयाने तोही तपासला गेला. स्पंजात पाणीच निघाले. सरकारी चौकशा पार पडून त्याला रीतसर परवानगी मिळाली आणि १८३९ या एका वर्षात सुमारे दीड हजार रोगी ग्रेफेनबर्गला आले. त्यांत राजघराण्यातले लोक होते, सरदार-उमराव होते, आणि शंभराहून अधिक डॉक्टर ही पद्धत शिकायला आलेले होते. रशियन लेखक गोगोल १८४५ मध्ये तेथे जाऊन आला. प्रीसनित्स १८५१ मध्ये वारला. त्याने स्वतः पुस्तक लिहिले नाही, पण पाहुण्यांनी ढिगाने लिहिली.

त्यांपैकी कॅप्टन क्लॅरिज या इंग्रजाच्या १८४२ सालच्या पुस्तकाने इंग्लंडात जलोपचाराची लाट आणली. त्याच वर्षी जेम्स विल्सन आणि जेम्स मॅनबी गली या दोन डॉक्टरांनी माल्व्हर्नच्या टेकड्यांत आपली केंद्रे उघडली. गलींचा सर्वांत प्रसिद्ध रोगी चार्ल्स डार्विन. पोटाच्या दुखण्याने आणि उलट्यांनी हैराण होऊन तो १८४९ मध्ये सगळे कुटुंब घेऊन माल्व्हर्नला गेला. स्नेही जोसेफ हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली दिनचर्या कळवली आहे. सकाळी स्पिरिटच्या दिव्याने अंग तापवायचे, घामाने निथळू लागले की गार पाण्याने थबथबलेल्या टॉवेलांनी खसाखसा चोळायचे, दोनदा गार पाण्यात पाय सोडायचे, आणि दिवसभर पोटावर ओली पट्टी. त्याला बरे वाटले. घरी परतल्यावर त्याने बागेत धारेखाली उभे राहण्यासाठी खोपटे बांधले आणि पार्स्लो नावाच्या घरगड्याकडून ओल्या टॉवेलांनी अंग चोळून घेण्याचा क्रम चालू ठेवला.

दोन वर्षांनी, १८५१ च्या एप्रिलमध्ये, त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी माल्व्हर्नलाच, गलींच्याच देखरेखीखाली वारली. त्यानंतर डार्विन कित्येक वर्षे माल्व्हर्नला फिरकला नाही. जलोपचार मात्र त्याने सोडला नाही. १८५९ च्या नोव्हेंबरात त्याचा जीवजातींच्या उगमावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा तो यॉर्कशरमधल्या इल्कली येथे पाण्याचाच उपचार घेत होता. त्याचे दुखणे कायमचे गेले नाही. तेथे गेल्यावर काम, चिंता आणि जड जेवण थांबत असे, म्हणून उतार पडत असावा. धारेच्या वाट्याला किती श्रेय जाते हे त्याच्यासारख्या काटेकोर निरीक्षकालाही वेगळे काढता आले नाही.

प्रीसनित्सच्या पद्धतीत दांडगाई होती. तिला मवाळ आणि मोजूनमापून करण्याचे काम सेबास्टियन क्नाइप या बव्हेरियन पाद्र्याने केले, आणि गरम-गार पाण्याचे आजचे प्रमाण बरेचसे त्याचे आहे. १८२१ मध्ये विणकराच्या घरी जन्मलेल्या क्नाइपला पाद्री होण्याच्या शिक्षणात असतानाच क्षयाने ग्रासले. ग्रंथालयात हानचे ते जुने पुस्तक त्याच्या हाती लागले. १८४९ च्या हिवाळ्यात तो डिलिंगेन गावातून पळत डॅन्यूब नदीवर जाई, काही सेकंद पाण्यात उतरे, अंग न पुसता कपडे घाली आणि पळत परत येई. पळाल्याने अंग तापायचे, पाण्याने गार व्हायचे, परतताना पुन्हा तापायचे. तो बरा झाला आणि १८५२ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. १८५५ पासून तो व्योरिसहोफेन येथील जोगिणींच्या मठात होता. मठाच्या धुण्याच्या खोलीत झाडांना पाणी घालायच्या झारीने तो रोग्यांच्या गुडघ्यांवर, मांड्यांवर, पाठीवर पाणी सोडू लागला.

त्याचे नियम सोपे होते. गार पाणी फक्त गरम अंगावर, कुडकुडणाऱ्याला कधीही नाही. वेळ मिनिटांत मोजायची नाही, सेकंदांत मोजायची. सुरुवात हृदयापासून सर्वांत लांबच्या टोकाने, म्हणजे उजव्या पावलाच्या बाहेरच्या बाजूने, करायची आणि वर सरकायचे. त्याच्या परंपरेत आजही दिले जाणारे आळीपाळीचे पादस्नान असे असते : एका बादलीत ३६ ते ३८ अंश सेल्सियसचे पाणी, दुसरीत १८ अंशांपर्यंतचे. गरम पाण्यात पाच मिनिटे, गार पाण्यात दहा-पंधरा सेकंद, पुन्हा एकदा तसेच, आणि शेवट नेहमी गार पाण्याने. मग पाय हाताने निपटून लोकरी मोजे घालायचे आणि ऊब येईपर्यंत चालायचे. १८८६ मध्ये त्याने आपल्या पाण्याच्या उपचारावर पुस्तक लिहिले. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि लहानसे व्योरिसहोफेन रोग्यांनी गजबजून गेले. क्नाइप १८९७ मध्ये वारला. १९२० मध्ये त्या गावाच्या नावामागे अधिकृतपणे 'बाड', म्हणजे स्नानतीर्थ, ही उपाधी लागली. २०१५ मध्ये जर्मनीने क्नाइपची ही पद्धत आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत घातली.

विद्यापीठांतही हा विषय एव्हाना पोहोचला होता. व्हिएन्नाचे विल्हेल्म विंटरनिट्स यांनी गार आणि गरम पाण्याचा नाडीवर आणि रक्तवाहिन्यांवर होणारा परिणाम अभ्यासला. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाचे प्रमुख जॉन हार्वी केलॉग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जलोपचारावर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. कॉर्नफ्लेक्सशी नाव जोडले गेलेले केलॉग हेच. भारतातल्या निसर्गोपचाराच्या महाविद्यालयांत त्यांचा तो ग्रंथ अजूनही अभ्यासाला असतो.

सामान्य भारतीय वाचकापर्यंत मात्र विंटरनिट्स किंवा केलॉग पोहोचले नाहीत, पोहोचला तो लुई कूने. १८३५ मध्ये लाइपझिगजवळ जन्मलेला हा गृहस्थ डॉक्टर नव्हता. स्वतःच्या जुनाट दुखण्यातून बरा झाल्यावर १८८३ मध्ये त्याने लाइपझिगला आपले केंद्र उघडले. सगळे रोग मुळात एकच आहेत, पोटात साठलेल्या 'विजातीय द्रव्या'ने ते होतात, आणि ते द्रव्य कुठे साठले आहे हे चेहरा-मान पाहून ओळखता येते, असा त्याचा सिद्धांत. उपचार दोनच : वाफेने घाम काढायचा आणि लगेच गार पाण्याच्या टबात कटिस्नान किंवा घर्षणस्नान द्यायचे. सिद्धांत म्हणून यात टिकण्यासारखे काही नाही. पण त्याचे 'नवे आरोग्यशास्त्र' भारतात वणव्यासारखे पसरले. १८९० च्या दशकात ते तेलुगूत आले, पाठोपाठ हिंदी-उर्दूत.

याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. शहराबाहेर डॉक्टर दुर्मीळ होता आणि होता तिथे महाग होता. कूनेच्या उपचाराला पत्र्याचा एक टब आणि विहिरीचे पाणी पुरे. तो शाकाहार सांगे, त्यामुळे मांसरस आणि ब्रँडी घालून दिलेल्या औषधांमुळे येणाऱ्या धर्मसंकटाचा प्रश्नच येत नसे. शिवाय त्यातली शरीरशुद्धीची भाषा इथल्या कानाला ओळखीची वाटे. ज्या आयुर्वेदाने तापल्या अंगाने गार पाण्यात उतरणे वर्ज्य ठरवले होते, त्याच्याच शेजारी हा उपचार कोणी विरोध न करता येऊन बसला.

कूनेचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय वाचक मोहनदास गांधी. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी कूने आणि अडॉल्फ युस्ट यांची पुस्तके वाचली आणि स्वतःवर प्रयोग सुरू केले. खरी कसोटी मुंबईत लागली. १९०२ मध्ये ते गिरगावात बिऱ्हाड करून राहत होते. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला, त्यात फुप्फुसालाही सूज आली आणि रात्री वात होऊ लागला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप सुचवले. गांधींनी नकार दिला, मुलाचे मतही विचारले, आणि डॉक्टरांना नाडी-छाती तपासायला येत राहण्याची विनंती करून कूनेप्रमाणे कटिस्नाने सुरू केली. एका वेळी तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. तीन दिवस पाणी घातलेल्या संत्र्याच्या रसावर ठेवले.

ताप १०४ अंशांवरून उतरेना. रात्री त्यांनी चादर भिजवून पिळली, डोके तेवढे बाहेर ठेवून मुलाला तीत गुंडाळले, वरून दोन कांबळी घातली आणि डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. हे ग्रेफेनबर्गचेच तंत्र होते, फक्त ते गिरगावातल्या बिऱ्हाडात चालले होते. अंग तव्यासारखे तापलेले, घामाचा टिपूस नाही. कस्तुरबांना जवळ बसवून ते चौपाटीवर गेले. दहाचा सुमार होता, रस्त्यावर माणूस विरळा. रामनाम घेत, धडधडत्या छातीने ते परतले, तेव्हा मुलगा बाहेर काढा म्हणून विनवत होता आणि त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. ताप उतरू लागला. पुढे चाळीस दिवस पातळ दूध आणि फळांचा रस एवढाच आहार चालला. या प्रसंगावर आत्मकथेत लिहिताना गांधींनी एक प्रामाणिक प्रश्न सोडून ठेवला आहे : मुलगा ईश्वराच्या कृपेने बरा झाला, पाण्याने की पथ्य आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार? त्यांची स्वतःची श्रद्धा पहिल्या उत्तरावर होती.

१९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आरोग्यावर लहानसे पुस्तक लिहिले. त्यातल्या पाण्याच्या प्रकरणात कूनेच्या कटिस्नानाची कृती सांगितली आहे : टब केवढा, पाय बाहेर कसे टेकवायचे, पोट मऊ फडक्याने कसे चोळायचे, नंतर अंग कसे तापवायचे. ओल्या चादरीच्या लपेटीलाही त्यांनी तितकीच जागा दिली. कूनेचे सर्वांत जास्त अनुयायी आंध्रात आहेत, अशी नोंदही त्यात आहे.

पुण्यातच डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र ताडीवाला रस्त्यावर होते. उपवासांच्या काळात मेहतांनी गांधींच्या प्रकृतीची काळजी घेतली होती, आणि सुटकेनंतर गांधींचा मुक्काम वेळोवेळी या केंद्रात पडे. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे अखिल भारतीय निसर्गोपचार प्रतिष्ठानाचा न्यास झाला, गांधी त्याचे आजीव अध्यक्ष. हे केंद्र गरिबांसाठी चालवायचे असा बेत होता. काही महिन्यांतच तो फसवा असल्याचे गांधींच्या ध्यानात आले. शहरातल्या बंगल्यात गरीब येणार नाही आणि आला तरी त्याला तिथले उपचार घरी करता येणार नाहीत. म्हणून त्यांनी पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेमार्गावरचे उरुळी कांचन निवडले.

२२ मार्च १९४६ रोजी गांधी उरुळीला आले आणि आठवडाभर राहिले. गावकरी रांगा लावून येत. गांधी तपासत आणि सांगत : सूर्यस्नान, कटिस्नान, घर्षणस्नान, दूध-ताक-फळांचा रस, आणि रामनाम. गावचे महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली, १ एप्रिलला न्यास झाला, आणि मणिभाई देसाई व विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांनी आश्रमाची धुरा उचलली. मणिभाईंनी पुढे आयुष्य तेथेच काढले आणि १९६७ मध्ये तेथूनच 'बाएफ' ही शेती-पशुपालनातली संस्था उभी केली. ताडीवाला रस्त्यावरच्या मेहतांच्या जागेत, आताच्या बापू भवनात, १९८६ मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था सुरू झाली. १८ नोव्हेंबर हा दिवस सरकारने २०१८ पासून निसर्गोपचार दिन म्हणून पाळायला घेतला.

गांधींनी खेडुताला सांगितलेला उपचार मुख्यतः गार पाण्याचा होता. सरपण जाळून पाणी तापवणे हा खर्चच होता. केंद्रांत बंब आणि पुढे सौर हीटर आले तसा गरम-गार जोडीचा वापर वाढला. गरम-गार कटिस्नानात दोन टब शेजारी-शेजारी असतात. गरम टबात रोगी बसतो तेव्हा डोक्यावर गार पाण्याचा पंचा ठेवतात, म्हणजे चक्कर येत नाही. तीन-चार मिनिटांनी उठवून गार टबात मिनिटभर बसवतात. असे तीन फेरे, शेवट गार टबात. गरम पाण्याचा काळ लांब आणि गाराचा आखूड, आणि शेवट गार, हे दोन्ही क्नाइपचेच नियम.

आधुनिक भौतिकोपचारातही हा उपचार आहे, तिथे तो मुरगळलेला घोटा, आखडलेला हात किंवा सामन्यानंतर दुखणारे स्नायू यांसाठी वापरतात. पाणी साधारण ३८ ते ४० अंश आणि १० ते १५ अंश सेल्सियस, एकूण वेळ वीस-तीस मिनिटे. गरमाने त्वचेच्या रक्तवाहिन्या फैलावतात, गाराने आकसतात, हे डोळ्यांना दिसते : पाय लाल होतो, मग फिका, पुन्हा लाल. या उघड-झापेमुळे आतले रक्त पंपासारखे खेळते आणि सूज ओढून नेते, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या दिले जात होते. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पोटरीच्या स्नायूत बारीक तापमापक सुई घालून हे तपासले. चरबीच्या थराखाली अवघ्या एका सेंटीमीटरवर स्नायूचे तापमान आळीपाळीच्या स्नानात फारसे हललेच नाही. म्हणजे घडते ते बहुतांशी त्वचेत आणि त्वचेखालच्या चेतातंतूंत. वेदना कमी होण्याला चेतातंतूंवरचा हा परिणाम आणि पाण्याचा दाब एवढी कारणे पुरेशी असू शकतात.

परिणामांचा आढावा २०१३ मध्ये बियूझाँ आणि सहकाऱ्यांनी घेतला. व्यायामानंतरच्या स्नायुदुखीवर झालेल्या अठरा चाचण्या त्यांनी एकत्र पाहिल्या. नुसते पडून राहण्यापेक्षा आळीपाळीच्या स्नानाने दुखणे कमी होते आणि ताकद लवकर परतते, असे दिसले. नुसते गार पाणी, हलका व्यायाम किंवा ताणाचे व्यायाम यांच्याशी तुलना केली तेव्हा मात्र फारसा फरक उरला नाही, आणि मुळात चाचण्यांचा दर्जाही कच्चा होता. ताकदीच्या व्यायामानंतर नियमाने गार पाण्यात बसल्यास स्नायूंची वाढ खुंटते, असे २०१५ च्या एका प्रयोगात आढळले. तालमीतल्या पोरांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

रोजच्या अंघोळीशी सर्वांत जवळचा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ३,०१८ लोकांना गटांत वाटून, गरम पाण्याच्या अंघोळीच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घ्यायला महिनाभर सांगितले. आजारपणामुळे कामावरच्या गैरहजेरीचे प्रमाण या लोकांत २९ टक्क्यांनी कमी भरले. तीस सेकंद आणि नव्वद सेकंद यांत फरक पडला नाही. आजारी असण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. आजार तेवढेच झाले, लोक त्यातही कामाला गेले. मन तरतरीत राहणे हा एवढाच लाभ असला तरी तो लहान नाही, पण प्रतिकारशक्ती वाढते हा दावा त्यातून निघत नाही.

अपायाची बाजू अधिक स्पष्ट आहे. अंगावर एकदम गार पाणी पडले की श्वास ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्याला हा झटका महागात पडू शकतो. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला पाणी किती कढत आहे हे कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येते, म्हणून त्याचे पादस्नान दुसऱ्याने कोपर बुडवून किंवा थर्मामीटर घालून पाहिल्याशिवाय देत नाहीत. गारठ्याने बोटे पांढरी पडणारे, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेले, उघडी जखम असलेले यांना हा उपचार वर्ज्य आहे. ताज्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस गरम पाणी टाळतात, कारण त्याने सूज वाढते. गरोदरपणात गरम टब देत नाहीत. जेवणानंतर दोन-तीन तास आणि कडक उपवासाच्या दिवशी अशक्त रोग्याला गरम-गार कटिस्नान देत नाहीत.